कंपनीचा वकील

26 ऑगस्ट 1983. पुण्यातल्या मुंढव्याच्या भारत फोर्जमधला एक कामगार पहिल्या पाळीत, सकाळी 11.40 वाजता, आपल्या कामाच्या जागेवरच लोखंडी प्लेटवर गाढ झोपलेला आढळला. आरोपपत्र झालं, चौकशी झाली, बडतर्फी झाली. आधी तीनदा अशाच कारणावरून त्याच्यावर कारवाई झालेली होती. पुढे कामगार न्यायालय, औद्योगिक न्यायालय, उच्च न्यायालय असा प्रवास झाला, वाटेत निकाल उलटसुलट झाले, आणि जानेवारी 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बडतर्फी कायम केली. कामगार कायदा शिकणाऱ्या प्रत्येकाला हा निकाल माहीत असतो. शिक्षेचं प्रमाण या प्रकरणात तो हमखास उद्धृत होतो, दोन ओळींत. मला मात्र त्यातली ती वेळच खुपत राहते. अकरा चाळीस. ‘दुपारच्या सुमारास’ असं नाही, ‘जेवणाच्या सुट्टीच्या आधी’ असं नाही. कुणीतरी त्या माणसासमोर उभं राहून घड्याळ पाहिलं, जागा पाहिली, खाली प्लेट आहे हे पाहिलं आणि तसं कागदावर लिहून ठेवलं. एकवीस वर्षं त्या एका नोंदीच्या आधारावर एक बाजू उभी होती. दुसरीकडे एका झोपेपायी एकवीस वर्षं कोर्टात गेलेलं एक घर होतं. कंपनीच्या वकिलाला या दोन्ही गोष्टी एकाच फाइलमध्ये बाळगाव्या लागतात. तो काम कसं करतो, कुठे हरतो, हे समजून घ्यायचं तर मला त्या नोंदीपासूनच सुरुवात करावीशी वाटते.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, कंपनीचा वकील म्हणजे कोर्टात संघटनेच्या वकिलाशी भांडणारा माणूस. ते भांडण असतंच. पण त्याची खरी झुंज चालते ती आपल्याच पक्षकाराशी, आणि ती प्रकरण कोर्टात येण्याच्या कितीतरी आधी.

मुळात हा कायदा वकिलाच्या स्वागताला उभा नव्हताच. ज्या 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यावर पुण्यातली ही सगळी वकिली वाढली, त्याच्या कलम 36 नं समेटाच्या कामकाजात वकिलाला पूर्ण मज्जाव केला होता. आणि कामगार न्यायालयात यायचं तर समोरच्या पक्षाची संमती हवी, शिवाय न्यायालयाची परवानगी हवी. हेतू उघड होता. पैसेवाल्या बाजूनं मोठा वकील उभा करायचा आणि रोजंदारीवरच्या माणसानं त्याच्यापुढे हात जोडून उभं राहायचं, असं होऊ नये. 1976 मध्ये पारादीप बंदराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की, मालकांच्या संघटनेचा पदाधिकारी असलेला माणूस वकील असला तरी पदाधिकारी म्हणून हजर राहू शकतो. त्यानंतर बऱ्याच जणांनी तो रस्ता धरला. समेटाचं मात्र तसंच राहिलं. मुंबई-पुणे रस्त्यावरच्या बंगला क्रमांक 5 मध्ये, कामगार आयुक्तांच्या कार्यालयात, सरकारी कामगार अधिकाऱ्यापुढे बसतो तो कंपनीचा एचआर मॅनेजर. त्याच्या हातातलं लेखी म्हणणं आदल्या रात्री वकिलानं लिहिलेलं असतं आणि वकील स्वतः त्या खोलीत नसतो. तिथे एचआरनं रागाच्या भरात एखादं वाक्य बोललं, ‘याला काही झालं तरी घेणार नाही’ असं, की ते वाक्य पुढच्या तक्रारीत छळाचा पुरावा म्हणून येतं. म्हणून शहाणे वकील म्हणणं लिहून देण्याइतकाच वेळ काय बोलायचं नाही हे समजावण्यात घालवतात.

फोन येतो तो साधारण संध्याकाळी. चाकणच्या किंवा रांजणगावच्या प्लांटमधून. “सर, आज लाइनवर सुपरवायझरला शिवीगाळ झाली. धक्काबुक्की पण झाली. एमडी म्हणतायत उद्यापासून त्याला गेटच्या आत घ्यायचं नाही.” इथे वकिलीची पहिली परीक्षा असते. मालक चिडलेला आहे, त्याचा माणूस दुखावलेला आहे, आणि दोघांनाही उद्या सकाळीच निकाल हवा आहे. अशा वेळी ‘नको’ म्हणणं हे या व्यवसायातलं सगळ्यात कठीण काम. कागद न देता गेटवर अडवलं की ती तोंडी बडतर्फी ठरते. आणि मूळ मारहाण बाजूला राहून खटला ‘मला कामावर येऊ दिलं नाही’ यावर चालतो. वकील विचारतो ते प्रश्न रुक्ष वाटतात. किती वाजता? कोणत्या मशीनपाशी? कुणी पाहिलं? सुपरवायझरनं आज स्वतःच्या हातानं लिहून दिलं का? दवाखान्याचा कागद आहे का? सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग आजच वेगळं काढा, कारण बहुतेक ठिकाणी दोन-चार आठवड्यांत त्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं आणि ज्या दिवशी ते लागतं त्या दिवशी ते नसतं. तक्रार आठ दिवसांनी टाइप करून, एचआरच्या भाषेत, सुपरवायझरची फक्त सही घेऊन आली, तर उलटतपासणीत तिचं काय होतं हे ज्यानं पाहिलं आहे तो त्याच रात्री हस्ताक्षरातला अर्धा पान कागद मागतो. अशुद्ध असला तरी चालेल.

मग आरोपपत्र. पुण्यात खटले हरतात ते सर्वाधिक इथे, असं माझं ठाम मत आहे. ‘आपण दि. अमुक रोजी वरिष्ठांशी गैरवर्तन केले’ एवढ्यावर कुणाचीही नोकरी घेता येत नाही, आणि घेऊ नये. वेळ हवी, जागा हवी, कृती हवी. शिवी दिली असेल तर ती शिवी जशीच्या तशी हवी. हे सांगितलं की ऑफिसमधली माणसं संकोचतात. ‘अर्वाच्य भाषेत शिवीगाळ केली’ असं सोज्वळ लिहून मोकळं व्हावंसं त्यांना वाटतं. पण शब्दच समोर नसतील तर कामगारानं उत्तर कशाचं द्यायचं, आणि न्यायाधीशानं गांभीर्य कशावरून ठरवायचं? 2005 मध्ये महिंद्राच्या प्रकरणात अधिकाऱ्याला घाणेरड्या शिव्या दिल्याबद्दलची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयानं कायम केली, ती ते शब्द नोंदीवर होते म्हणून. दुसरी गोष्ट कलमाची. गैरवर्तन स्टँडिंग ऑर्डरमध्ये, म्हणजे कारखान्याला लागू असलेल्या सेवानियमांत, बसलं पाहिजे. मॉडेल स्टँडिंग ऑर्डरच्या 24 व्या कलमात अवज्ञा, चोरी, सलग दहा दिवसांहून जास्त विनापरवाना गैरहजेरी, शिस्तीला बाधक वर्तन अशी यादी आहे. घाबरलेला एचआर सगळीच उपकलमं लावतो. त्यातली निम्मी चौकशीत सिद्ध होत नाहीत आणि बाकीची खरी असली तरी संशयास्पद वाटू लागतात. दोन नेमकी कलमं पुरतात. आणि भाषा मराठी हवी. मराठवाड्यातून आलेल्या ऑपरेटरला बंगळुरूच्या मुख्यालयात तयार झालेलं इंग्रजी आरोपपत्र द्यायचं आणि तीन दिवसांत खुलासा मागायचा, यात न्याय नाही, आणि न्यायालयालाही तो दिसत नाही.

पाकीट परत येतं तो वेगळाच अध्याय. ‘घेण्यास नकार’ हा पोस्टमनचा शेरा उपयोगाचा. ‘पत्ता सापडत नाही’ हा शेरा घातक, कारण कंपनीच्या मस्टरवरचा पत्ता भाड्याच्या खोलीचा असतो आणि माणूस तिथून केव्हाच हललेला असतो. गावाकडचा पत्ताही घालायचा, नोटीस बोर्डावर लावायचं, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या, गरज पडली तर वर्तमानपत्रात द्यायचं. 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं. पोच मिळवायची सोय मात्र विसरता कामा नये. एकतर्फी चौकशी करायची वेळ आली तरी प्रत्येक तारखेची नोटीस वेगळी गेलेली दाखवावी लागते.

चौकशीत वकील सहसा बसत नाही, आणि बसूही नये. कंपनीनं कायदा शिकलेला माणूस आपल्या बाजूनं बसवला तर कामगारालाही वकील द्यावा लागतो, हे मुंबई बंदराच्या 1983 च्या निकालापासून पक्कं आहे. चौकशी अधिकाऱ्याला कंपनी पैसे देते म्हणून तो पक्षपाती ठरत नाही. तो पक्षपाती ठरतो त्याच्या लेखणीनं. व्यवस्थापनाचा साक्षीदार अडखळला की हा अधिकारीच प्रश्न विचारून त्याला सावरतो, बचाव प्रतिनिधीचा प्रश्न ‘असंबद्ध’ म्हणून नोंदवतच नाही, कामगारानं मागितलेलं प्रॉडक्शन रजिस्टर देत नाही आणि का देत नाही तेही लिहीत नाही. प्रत्येक पानावर सगळ्यांच्या सह्या, तारीख तहकूब झाली तर कुणाच्या विनंतीवरून, प्रत हातोहात दिली त्याची पोच. इतक्या साध्या गोष्टींवर पुढची दहा वर्षं ठरतात. निष्कर्ष लिहिताना साक्षीदार क्रमांक एकचं का मानलं आणि बचावाचं का नाही, याची कारणं लागतात. ‘वरील पुराव्यावरून आरोप सिद्ध होतात’ हा निष्कर्ष नाही. मग अहवालाची प्रत देऊन दुसरी नोटीस, आणि तिच्यात मागची वर्तणूक विचारात घ्यायची असेल तर तसं स्पष्ट लिहून. भारत फोर्जच्या प्रकरणात आधीचे तीन प्रसंग वजनदार ठरले. महाराष्ट्राच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथांविषयीच्या कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात, बाब 1(ग) मध्ये, किरकोळ गैरवर्तनाला मागची नोंद न पाहता धक्कादायक शिक्षा देणं ही अनुचित प्रथा मानली आहे. म्हणजे मागची नोंद कंपनीला वाचवते तशी कामगारालाही वाचवते. अठरा वर्षं निष्कलंक काम केलेल्या माणसाच्या बडतर्फीचा मसुदा समोर आला, तर चार दिवसांचं निलंबन शिक्षा म्हणून सुचवणारा वकील मला थोर वाटतो, मग मालक त्याच्यावर कितीही नाराज होवो.

ही नाराजी खरी असते. रिटेनर, म्हणजे त्या कंपनीचं कायमचं काम आणि ठरलेली फी, जातो कधीकधी.

कोर्टात तक्रार दाखल होते तेव्हा तिच्यासोबत अंतरिम अर्ज असतो, निशाणी यू-2. कामगाराच्या कागदांना यू, कंपनीच्या कागदांना सी. पहिली धावपळ या यू-2 वर म्हणणं देण्याची, कारण पहिल्या तारखेला कंपनी गैरहजर राहिली तर स्थगितीचा आदेश होऊन बसतो आणि तो उठवायला महिने जातात. बडतर्फीचा हुकूम हातात पडायची वाट कामगारानं पाहिलीच पाहिजे असंही नाही. चौकशीच्या टप्प्यावरही तक्रार करता येते, हे हिंदुस्थान लिव्हरच्या 1995 च्या निकालानं ठरलं आहे. नंतर लेखी कैफियत. तिच्यात एक परिच्छेद असा आहे की, तो राहिला तर बाकी सगळं व्यर्थ जातं: चौकशी सदोष ठरल्यास आरोप न्यायालयापुढे नव्यानं सिद्ध करण्याचा हक्क आम्ही राखून ठेवतो. कूपर इंजिनिअरिंगच्या 1975 च्या निकालापासून चौकशी न्याय्य होती का हा प्राथमिक मुद्दा आधी ठरतो. ती ढासळली तर कंपनीला पुरावा द्यायची संधी मिळते, पण मागणी वेळेत, कैफियतीतच केलेली असावी, असं कर्नाटक एसटी महामंडळाच्या प्रकरणात 2001 मध्ये घटनापीठानं सांगितलं. संधी मिळाली तरी पुरावा द्यायला माणूस कुठे असतो? ज्यानं मार खाल्ला तो सुपरवायझर गुजरातेतल्या कारखान्यात गेलेला. एचआर तिसरा. प्लांट हेड चौथा. नव्या माणसाला त्या कामगाराचं नावही माहीत नसतं. पुण्यातल्या कितीतरी कंपन्यांमध्ये अशा वेळी घडलेलं सगळं आठवणारा एकच माणूस उरतो, तो म्हणजे वकील, आणि तो साक्ष देऊ शकत नाही.

उलटतपासणीबद्दल थोडं थांबून लिहायला हवं. बडतर्फी रद्द झाली की मागच्या पगाराचा प्रश्न येतो. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याची घडी नीट बसवून दिली: आपण दरम्यान कुठे नोकरीला नव्हतो असं कामगारानं आधी म्हणायचं, मग तो कमावत होता हे दाखवायची जबाबदारी मालकाची. त्यामुळे कंपनीचा वकील साक्षीच्या पिंजऱ्यातल्या माणसाला विचारतो, घर कसं चालत होतं? मुलाची फी कुणी भरली? गावाकडे शेती किती, सातबाऱ्यावर नाव कुणाचं? रिक्षाचं परमिट कुणाच्या नावावर? भोसरीत टपरी आहे ती कुणाची? हे प्रश्न विचारणं त्याचं कर्तव्य आहे. ते न विचारणारा वकील पक्षकाराशी अप्रामाणिक ठरेल. पण उत्तरं ऐकायलाही तोच समोर असतो. भाऊ पैसे द्यायचा. बायको धुण्याभांड्याला जायची. सासऱ्यानं पोरं सांभाळली. न्यायाधीश ते लिहून घेतात, लघुलेखक टाइप करतो, आणि वकील पुढचा प्रश्न विचारतो. हे काम करणाऱ्या माणसांनी आतून कठोर व्हावं असं मला वाटत नाही. जे झाले नाहीत त्यांची तडजोडीची नजर जास्त चांगली असते. कोणत्या खटल्यात पैसे देऊन माणसाला मोकळं करावं आणि कोणत्या खटल्यात शेवटपर्यंत उभं राहावं, हे त्यांना लवकर दिसतं.

मालकाला ते पटवायचं तर आकड्यांची भाषा लागते. समजा कामगाराचा शेवटचा पगार 22,000 रुपये. कामगार न्यायालयानं परत घ्या म्हटलं, कंपनी उच्च न्यायालयात गेली. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम 17-ब प्रमाणे, माणूस बेकार असल्याचं प्रतिज्ञापत्र त्यानं दिलं की प्रकरण चालू असेपर्यंत शेवटचा पूर्ण पगार द्यावा लागतो, काम न घेता. तीन वर्षं चाललं तर 7,92,000 रुपये; आणि कंपनी शेवटी जिंकली तरी ते परत मिळत नाहीत. हे आधी सांगितलं नाही तर मालक अपिलाला हसत परवानगी देतो आणि दुसऱ्या वर्षी वकिलावर चिडतो.

हिशेबाच्या चुका तर जीवघेण्या. कामगार कपात करताना कलम 25-फ ची अट अशी की एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार, कपातीच्या वेळीच हातात पडला पाहिजे. मुंबईच्या हॉस्पिटल मजदूर सभेच्या 1960 च्या निकालापासून ही अट पूर्वअट आहे. नंतर व्याजासकट दिलं तरी कपात वाचत नाही. 11 वर्षं 7 महिने सेवा म्हणजे 12 वर्षं धरायची. ग्रॅच्युइटीत महिन्याच्या पगाराला 26 नं भागतात, इथे तसं नाही, हे 2007 मध्ये स्पष्ट झालं. तरीही शंका असेल तिथे जास्तीचा आकडा द्यावा. जास्त दिल्यानं कपात रद्द होत नाही. शंभर रुपये कमी पडले तर होऊ शकते. ज्येष्ठता यादी सात दिवस आधी बोर्डावर हवी, शेवटी आलेला आधी जाणार, आणि तो क्रम मोडला तर कारण लिहून ठेवलेलं हवं. दुसरा सापळा कलम 33(2)(ब) चा. एखादा वाद प्रलंबित असताना त्याच्याशी संबंध नसलेल्या गैरवर्तनासाठी काढायचं असेल तर बडतर्फी, एक महिन्याचा पगार आणि मंजुरीचा अर्ज, तिन्ही एकाच व्यवहाराचे भाग हवेत. 2002 मध्ये घटनापीठानं सांगितलं की हे पाळलं नाही तर बडतर्फी झालीच नव्हती असं समजायचं. म्हणून बडतर्फीचं पत्र निघण्याआधी वकील विचारतो, “तुमच्या प्लांटचा कुठला वेतनकराराचा वाद ट्रिब्युनलपुढे आहे का?” आणि कितीदा तरी एचआरला ते ठाऊकच नसतं, कारण तो वाद आधीच्या एचआरच्या काळातला असतो.

कंत्राटी कामगारांचा प्रश्न याहून अवघड, आणि पुण्याशी त्याचं नातं जवळचं आहे. कल्याणी स्टील्सच्या कँटीनमधल्या कामगारांच्या प्रकरणात 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की, मालक-कामगार हे नातंच वादात असेल तर 1971 च्या कायद्याखालची तक्रार चालणार नाही. आधी ते नातं योग्य ठिकाणी सिद्ध करून या. त्याच वर्षी सिप्लाच्या निकालानं तेच पक्कं केलं. तेव्हापासून ‘हा आमचा कामगारच नाही’ ही कैफियत कंपनीच्या वकिलाच्या हातातली सगळ्यात जड ढाल झाली. ती कायद्यानं बरोबर आहे. पण ती प्रामाणिकपणे वापरायची तर कंत्राट खरं असावं लागतं: ठेकेदाराचा परवाना, त्याचा स्वतःचा सुपरवायझर, त्याचं हजेरीपुस्तक, त्याच्या खात्यातून गेलेला पगार, त्याच्या कोडखाली भरलेला पीएफ. रजेचा अर्ज कंपनीचा शिफ्ट इनचार्ज मंजूर करतो, तेरा वर्षांत ठेकेदार चार बदलले आणि माणसं तीच, मशीनही तेच. असं असेल तर ती ढाल कागदाची आहे, आणि हे पक्षकाराला बंद खोलीत स्पष्ट शब्दांत सांगणं वकिलाचं काम आहे. मला या व्यवसायाबद्दल आदर वाटतो तो असं सांगणाऱ्यांमुळे. न सांगता म्हणणं दाखल करणारेही आहेत.

संप हा या शहराच्या आठवणीचा भाग आहे. सप्टेंबर 1989 मध्ये टेल्कोचे (नंतरच्या टाटा मोटर्सचे) कामगार राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले होते. 2013 मध्ये बजाजच्या चाकणच्या कारखान्यातला संप 50 दिवस चालला. त्यातली कामगारांना कंपनीचे शेअर एक रुपयाला द्या ही मागणी देशभर गाजली. अशा दिवसांत वकिलाकडे कोर्टाची कामं असतात. संप बेकायदा ठरवून घ्यायचा अर्ज, गेटपासून अमुक मीटरच्या आत जमू नये म्हणून मनाई, माल बाहेर काढायला पोलिस बंदोबस्त. 1971 च्या कायद्यानं महाराष्ट्रात संपाआधी 14 दिवसांची नोटीस सक्तीची केली, तेव्हा नोटीस कुणी दिली, कधी मिळाली, त्यात कारण काय, हे तपासण्यापासून सुरुवात होते. पण संप कोर्टात संपत नाहीत. ते वेतनकराराच्या टेबलावर संपतात, आणि तिथे वकिलाची किंमत कळते ती कराराच्या एकेका वाक्यात. करार आपापसात झाला तर तो सही करणाऱ्यांपुरता बांधील. समेट अधिकाऱ्यापुढे झाला तर सगळ्यांना. दुसरी संघटना डोकं वर काढत असेल तर दुसरा रस्ताच धरावा लागतो. ‘उत्पादन वाढवण्यास संघटना सहकार्य करील’ हे वाक्य निरुपयोगी आहे. कोणत्या लाइनवर, किती मिनिटांच्या सायकल टाइमनं, प्रतिपाळी किती नग, मशीन बंद पडलं तर हिशेब कसा, हे जोडपत्रात नसेल तर तीन वर्षं फक्त वाद होतात. कराराची एखादी अट कंपनीनंच पाळली नाही, तर चौथ्या परिशिष्टातली बाब 9 आहेच. फरकाची रक्कम द्यायला दोन महिने उशीर झाला म्हणून अनुचित प्रथेचा शिक्का बसलेल्या कंपन्या कमी नाहीत.

या वाटेला येणारी मुलं बहुतेक आयएलएससारख्या कॉलेजातून येतात, कायद्याच्या पदवीबरोबर कामगार कायद्याचा डिप्लोमा करतात, आणि पहिली दोन-तीन वर्षं तारखा घेण्यात, पुरसिस (कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन) देण्यात आणि एलएलजे-सीएलआर या निकालसंग्रहांचे खंड चाळण्यात जातात. त्यांना एक सुचवावंसं वाटतं. कारखाना पाहा. फोर्ज शॉपची उष्णता, प्रेसचा आवाज, तिसऱ्या पाळीत पहाटे चारला माणसाच्या डोळ्यांवर काय येतं, हे न पाहता ‘कामावर झोपणे’ या आरोपावर युक्तिवाद करता येतो, पण तो अपुरा राहतो. भट्टीजवळ झोपलेला माणूस आणि स्टोअरच्या मागे गोणपाट अंथरून, लाइट काढून झोपलेला माणूस, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात अपघाताची भीती आहे, दुसऱ्यात ठरवून केलेली चुकवाचुकवी. न्यायाधीश हा फरक विचारतात. ज्यानं शॉप पाहिलं आहे त्याच्याकडे उत्तर असतं.

21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि तोंडपाठ झालेली कलमं एका दिवसात जुनी झाली. प्रलंबित फाइली अजून जुन्याच क्रमांकांची भाषा बोलतात. संहितेतल्या संपाआधीच्या 14 दिवसांच्या नोटिशीचं पुण्याला नवल नाही. कपात आणि बंदच्या परवानगीची मर्यादा 100 वरून 300 वर गेली, त्याची चर्चा खूप झाली. त्यामानानं दुसऱ्या एका बदलाची चर्चा कमी होते, आणि भोसरी, पिंपरी, चिखलीतल्या लहान कारखान्यांना तोच आधी भिडणार आहे. महाराष्ट्रात पूर्वी 50 कामगारांपासून लागू असलेल्या स्टँडिंग ऑर्डर आता नव्या संहितेत 300 पासून लागू होतात. ऐंशी माणसांच्या मशीन शॉपच्या मालकाला ही सुटका वाटते. त्याच्या वकिलानं त्याला सांगायला हवं की, यादीच गेली तर गैरवर्तन कशाला म्हणायचं हेही त्याच्या हातात राहत नाही. आरोपपत्रात लिहायला कलमच नसेल आणि प्रत्येक कारवाई मनमानी दिसेल. नेमणूकपत्र आता सक्तीचं आहेच. तर त्यालाच सेवानियम जोडावेत: गैरवर्तनाची यादी, खुलाशाला किमान मुदत, चौकशीत संघटनेचा किंवा सहकारी कामगार सोबत आणण्याचा हक्क, निलंबनात पहिले 90 दिवस निम्मा आणि पुढे पाऊण निर्वाह भत्ता, शिक्षेआधी दुसरी नोटीस, आणि पत्ता बदलल्यास कळवण्याची जबाबदारी. सहा-सात पानं होतात. जुन्या कामगारांना ते एकतर्फी लावता येणार नाहीत. त्यांच्या सेवाशर्ती बदलायच्या तर रीतसर नोटीस द्यावी लागेल, आणि संघटना असेल तर तिच्याशी बसून करार करावा लागेल. नव्यांना रुजू होण्याच्या दिवशी, मराठीत, आणि बाहेरच्या राज्यातल्या मुलांना हिंदीत, एक प्रत हातात आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह सही.